चार बोटं जागा

कुठलीही भरलेली गाडी उभी दिसली की ते तिच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे. उजव्या हाताची चार बोटं जुळवायचे आणि टायर आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत आडवी सरकवायचे. गाडी स्वतःची असो, नाहीतर परक्याची. बोटं आत गेली तर "हाय, चार हायत" एवढंच म्हणून उठायचे. नाही गेली तर उठायचेच नाहीत.

"चाराची तीन झाली की गाडी सांगत असती, मालक, आता बास. आपण ऐकत न्हाई," असं गाडीवाल्याला खालूनच सांगायचे.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. दुसऱ्याच्या सायकलची हवा दाबून बघणारं, किंवा परक्याच्या घराचा नळ गळताना दिसला तर दार वाजवणारं. आपण त्यांना हसतो, आणि त्यांच्यावाचून आपलं काही अडत नाही असं समजतो. मीही तसंच समजत होते.

ते वारज्यातले आमचे शेजारी. वारजं अजून गाव होतं तेव्हापासूनचे, मूळचे तिथले. आम्ही वाशीमकडून आलेले, बाबा कारखान्यात लागले म्हणून. आमची खोली आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत होती. सकाळी भिंतीपलीकडे त्यांच्या तीनचाकी टेम्पोची धडधड सुरू झाली की आई चहाचं आधण ठेवायची. सगळी आळी त्यांना चुरमुरेवाले काका म्हणायची. मी नुसतं काका म्हणायचे.

आळीतल्या एका लग्नात नवरीची पाठवणी चालली होती. सजवलेली गाडी निघायच्या बेतात, सगळ्यांचे डोळे भरलेले, आणि काका नवा सफारी सूट घालून मागच्या चाकाशी बसलेले. बोटं दोनच गेली.

"मागं किती जण बसलेत?"

"पाच," कुणीतरी म्हणालं.

"एक उतरवा."

नवऱ्या मुलाचे मामा जरा वजनदार होते. ते खिडकीतून म्हणाले, "अहो, ही काय मालाची गाडी आहे का?"

"माणूस बी मालच की. उलट हलणारा माल. लई वाईट."

मामांना उतरून रिक्षा करावी लागली. पुढे ते मामा आळीत आले की काकांकडे न बघता सरळ जायचे. काका म्हणायचे, "बघत न्हाईत, पण पायी जात्यात. प्रकृतीला बरं."

आता गंमत अशी की ज्या माणसाला वजनाची एवढी काळजी, त्याच्या स्वतःच्या गाडीत वजनच नसायचं. एका भट्टीवरून ते चुरमुरे उचलायचे आणि शहरातल्या दुकानांना, भेळवाल्यांना पोचवायचे. चुरमुऱ्याचं एक पोतं जेमतेम दहा किलोचं, पण दोघांच्या मिठीत मावणार नाही एवढं फुगलेलं. हौदा भरला की पोत्यांवर पोती, त्यावर आणखी पोती, मग जाळी, मग दोरी. टेम्पो रस्त्यानं निघाला की गाडी दिसायचीच नाही, एक पांढरा डोंगर तीन चाकांवर हलत चाललाय असं वाटायचं. जागा संपायची, वजन संपायचं नाही. खाली बोटं घातली तर पाच काय, अख्खी मूठ जायची. तरी ते रोज घालायचे.

"काका, चुरमुरेच तर आहेत. कशाला बघता?" मी एकदा विचारलं.

"सवय मोडली की जड माल आल्याव आठवण राहत न्हाई."

एका सुट्टीत कॉलेजच्या कामासाठी मला शनिवार पेठेत जायचं होतं, तेव्हा त्यांनी मला शेजारच्या सीटवर बसवून नेलं होतं. तिथल्या एका दुकानदारानं पोतं हातानं चाचपलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "आत चुरमुरे आहेत, की नुसतीच हवा भरून आणलीत?"

"मालक, हवेचं वेगळं लावत न्हाई," काका म्हणाले.

"उपकार आहेत तुमचे. ठेवा तिथे. आणि तो हात धुवा आधी, पोत्यावर ठसे उमटलेत."

हात धुवूनही उपयोग नसायचा. बोटांच्या कडेला, करंगळीपासून पहिल्या बोटापर्यंत, टायरचा काळा रंग कायमचा बसलेला होता. काकू जेवायला वाढताना म्हणायच्या, "ह्यांच्या हाताला चव लागत नाही, रबर लागतं."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबांची समजूत अशी की कॉलेजात जाणाऱ्याला सगळंच वाचता येतं. विजेचं बिल, कारखान्याची नोटीस, औषधाच्या डबीवरचा बारीक मजकूर, जे इंग्रजीत असेल ते माझ्यासमोर यायचं. मला वाचता यायचं, पण चार माणसांत मोठ्यानं वाचायची वेळ आली की आवाज बारीक होत जायचा. हे मी घरी कधी बोलले नाही. बाबा सगळ्यांना सांगायचे, आमची पोरगी विज्ञानाला आहे. त्यांच्या तोंडचा तो 'विज्ञान' शब्द ऐकला की मला लपावंसं वाटायचं.

काकांनी माझं नावच टाकून दिलं. ते मला 'कॉलेज' म्हणायचे. भिंतीवरून हाक यायची, "ए कॉलेज, हाईस का घरात? जरा आकडा बघ." आकडा म्हणजे कधी डिझेलचा, कधी पोत्यांचा. मी वहीत मांडून दाखवायचे. ते वही घेऊन लांब धरायचे, मान हलवायचे आणि परत द्यायचे. एकदाही त्यांनी "नक्की का?" असं विचारलं नाही. तेवढा विश्वास माझ्यावर आमच्या एकाही प्राध्यापकानं ठेवलेला नव्हता.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा भट्टीची जागा गेली. तिथे बारा मजली इमारत होणार होती. मालकानं भट्टी बंद केली आणि काकांचा टेम्पो घरासमोर उभा राहिला. आळीत आठ दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. काका मात्र सकाळी उठून टेम्पो पुसायचे आणि रिकाम्या गाडीखाली बोटं घालून बघायचे.

हिंजवडीला तेव्हा महिन्याला नवी काचेची इमारत उभी राहत होती. त्या इमारतींमधली माणसं नळाचं पाणी पीत नसत. त्यांना वीस लिटरचे पाण्याचे जार लागायचे, रोज. वारज्यातून जार भरून अशाच एका इमारतीला पोचवायचं काम काकांना मिळत होतं. काम नियमाचं होतं, बारा महिन्यांचं. पण त्या तीनचाकीवर पाणी वाहणं शक्य नव्हतं. नवी गाडी घ्यायला हवी होती.

"कॉलेज, चल," ते म्हणाले. "आपण अगोदर जागा बघू."

मी आधी नको म्हटलं, आणि मग गेले. त्या इमारतीत माल आत घ्यायची वाट तळघरातून होती. उताराच्या तोंडाशी साखळीनं एक लोखंडी आडवा बार टांगलेला होता. त्याच्याहून उंच गाडी आत जाऊ शकत नव्हती. काकांनी बाराखाली उभं राहून हात वर केला, मग शेजारच्या बांधकामावरून एक बांबू मागून आणला, बाराला लावला आणि खूण करून तिथेच कापला.

गेटवर इमारतीची व्यवस्था बघणारा एक तरुण होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात वही. त्यानं अटी सांगितल्या. रोज सत्तर जार. मालाच्या गाडीला सकाळी सात ते आठ एवढाच वेळ, कारण आठनंतर कंपनीच्या बसेस येतात. एक गाडी, एक फेरी. बाहेर रस्त्यावर गाडी लावायची नाही.

"साहेब, दोन फेऱ्या केल्या तर?" काकांनी विचारलं.

"वारज्याहून? एका तासात?"

"मग नऊपर्यंत येऊ द्या."

"काका, वेळ माझ्या हातात नाही. वरून आलीय."

"हा बार थोडा वर घेता येईल?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"मॅडम, बारपण माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात हाय काय?" काकांनी विचारलं.

त्यानं हातातली वही थोडी वर केली. "रजिस्टर."

तो हसला नाही, आणि आम्हालाही हसता आलं नाही. तो माणूस वाईट नव्हता. जाताना त्यानं आम्हाला पाणी प्यायला दिलं, त्याच जारमधलं.

दुसऱ्या दिवशी काका तो बांबू खांद्यावर घेऊन गाड्यांच्या शोरूममध्ये शिरले. मी मागे. काचेच्या दारातून बांबू तिरका करून घ्यावा लागला. तिथला विक्रेता टाय लावलेला, "सर, बसा ना सर" म्हणणारा. काकांनी काही न बोलता बांबू एका मोठ्या टेम्पोशेजारी उभा केला. टेम्पो बांबूच्या वर वीतभर उरला.

"सर, हा एकदम दणकट आहे. दीड टन आरामात."

"दणकट हाय. पण दारात मावत न्हाई."

मग त्यांनी बांबू चारचाकी छोट्या टेम्पोशेजारी उभा केला. टेम्पो बुटका होता, बांबू वीतभर वर राहिला. काका प्रसन्न झाले. हौद्याच्या लांबी-रुंदीला त्यांनी एक रिकामा जार लावून बघितला. तो जार त्यांनी पिशवीतून आणला होता. लांबीत सात, रुंदीत पाच. एका थरात पस्तीस, वर दुसरा थर पस्तीस. सत्तर.

"बघ, कॉलेज. मापानं शिवल्यागत."

विक्रेत्यानं माझ्या हातात गाडीचं माहितीपत्रक दिलं. इंग्रजीत होतं. मी ते दोनदा वाचलं, मनातल्या मनात. गाडीचं स्वतःचं वजन किती, भरलेल्या गाडीचं सगळं मिळून किती, आणि माल किती न्यायचा हे वेगवेगळं दिलं होतं. चुकू नये म्हणून मी वजाबाकी करून पाहिली. माल साडेसातशे किलो.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आम्ही एक भरलेला जार काट्यावर ठेवला. एकवीस किलो. मी त्यांच्या ओट्यावर बसून वहीत भागाकार केला, पुन्हा केला. उत्तर पस्तीसच आलं.

वही काकांपुढे धरली. त्यांनी ती लांब धरली.

"पस्तीस थरात मावत्यात, हे तर मी बी सांगितलं."

"नाही काका. पस्तीसच न्यायचे. एकच थर. त्याच्यावर गाडीला झेपत नाही."

"आन् वरची जागा?"

"रिकामी ठेवायची."

त्यांनी वही जवळ घेतली, पुन्हा लांब धरली. मला आता वाटतं, तो हिशेब त्यांना कळला नाही असं नव्हतं. तीस वर्षं ज्यांनी हौदा आभाळापर्यंत भरला, त्यांना अर्धी गाडी रिकामी नेणं डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. चुरमुऱ्याला जागा आधी संपते. पाण्याला वजन आधी संपतं आणि जागा तशीच शिल्लक राहते, मोकळी, डोळ्यांसमोर.

"मोठी गाडी दारात जात न्हाई. लहान गाडी अर्धाच माल नेती. दोन फेऱ्या चालत न्हाईत. दोन गाड्या घ्यायला मी काय कंपनी हाय का?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तुझ्या कॉलेजात असल्याव काय शिकिवत्यात?"

"याच्यावर काही नाही, काका."

"न्हाई ना. मला वाटलंच."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काम सोडून द्या मग." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "छप्पन्नाव्या वर्षी गाडी सोडून मला दुसरं काय येतं, सांग." काकू आत गेल्या.

गाडी आली, ती छोटीच. पहिल्या सोमवारी काम सुरू व्हायचं होतं. शनिवारी त्यांनी सत्तर जार भरून बघितले. आळी जमली होती. काका उकिडवे बसले आणि बोटं घातली. एक गेलं, दुसरं अर्धं. ते तसेच बसून राहिले. गाडी मागून इतकी बसली होती की पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "विमान आहे हो, आता उडेल." काका हसले नाहीत.

रविवारी ते गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले. मालाच्या गाडीखाली लोखंडी पट्ट्यांची जुडी असते, तिच्यावर हौद्याचा भार तोलला जातो. त्या पट्टीला पाटा म्हणतात. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना पाटे वाढवले. सगळेच वाढवतात, तो म्हणाला. खरंच वाढवतात. तुम्ही रस्त्यावरच्या कुठल्याही टेम्पोखाली वाकून बघा.

संध्याकाळी पुन्हा सत्तर जार चढले. या वेळी गाडी ताठ उभी राहिली. काका चाकाशी बसले, पण हात पुढे केला नाही. मला हाक मारली.

"ए कॉलेज. इकडं ये. तुझी बोटं घाल."

मी खाली बसले. चार बोटं जुळवली आणि फटीत सरकवली. अलगद आत गेली. रबराचा वास आला.

"हायत का चार?"

मला माहीत होतं की पाटा वाढला तरी ब्रेक वाढलेला नाही. चाकं तीच आहेत, साडेसातशेचा आकडा तोच आहे. फट मोठी झाली ती गाडी हलकी झाली म्हणून नाही, ती वाकू नये अशी सोय केली म्हणून. एवढं विज्ञान मला येत होतं. मी वर बघितलं. काका माझ्याकडे बघत होते. काकू दारात होत्या, हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन. बाबा म्हणाले, "सांग ना गं, काऊन गप्प बसली?" सकाळी सातला गेट उघडणार होतं.

"आहेत," मी म्हणाले.

"चार?"

"चार."

"मग झालं," काका म्हणाले, आणि काकूंनी बॉनेटवर कुंकू लावलं.

मी खोटं बोलले नव्हते. विचारलेलं होतं तेवढंच सांगितलं होतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

पुढचे आठ महिने सगळं सुरळीत चाललं. काका सहाला निघायचे, नवाच्या आत परत यायचे. घराला रंग झाला. काकू माझ्या आईला म्हणाल्या, "आता जरा झोप लागते." मला भिंतीवरून हाक यायची ती कमी झाली. एवढंच एक झालं, की त्या रविवारनंतर मी काकांना गाडीखाली बोटं घालताना पाहिलं नाही. स्वतःच्या गाडीखाली नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. आळीत एकदा विटांचा ट्रक उभा होता, पार टायरावर टेकलेला. काका त्याच्या शेजारून गेले, क्षणभर थांबले, आणि हात खिशात घालून पुढे गेले. त्यांच्या बोटांवरचा काळा रंग हळूहळू गेला. काकूंनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ह्यांचे हात गोरे आहेत." सगळे हसले. काकांनी हात मागे घेतला.

मी किती वेळा ठरवलं, आज सांगायचं. काका, थोडे कमी न्या, साठ न्या, पन्नास न्या. पण पन्नास नेले तर वीस जार कमी पडणार, रजिस्टरमध्ये लाल खूण होणार, आणि तो गळ्यात पट्टा घातलेला मुलगा म्हणणार, माझ्या हातात नाही. मी सांगून त्यांच्या हातात तरी काय देणार होते? म्हणून मी काहीच बोलले नाही. सकाळी धडधड ऐकू यायची, आता ती कमी आवाजाची होती, आणि गाडी लांब जाईपर्यंत मी ऐकत राहायचे.

चांदणी चौक ओलांडून बायपास बावधनकडे उतरतो, तिथे ते घडलं. उतारावर पुढे कंपनीची एक बस बाजूला उभी होती आणि मुलं-मुली चढत होती. काकांनी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली नाही. मागचं दीड टन पाणी पुढे ढकलत राहिलं. काकांनी गाडी डावीकडे वळवली आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात घातली. बसमधल्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात गाण्याची वायर होती. त्यांना मागे काय झालं ते नंतर कळलं म्हणे. जार उतारावरून गडगडत गेले, काही फुटले, काही तसेच भरलेले नाल्याशी जाऊन थांबले.

काकांचा उजवा पाय ब्रेकवर होता. त्यांनी तो शेवटपर्यंत काढला नव्हता. गुडघ्याखाली हाडाचे तीन तुकडे झाले.

मी बाबांबरोबर दवाखान्यात गेले. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत काका डोळे उघडे ठेवून पडले होते. मला बघून म्हणाले, "ये, कॉलेज."

बाबा औषधं आणायला खाली गेले.

"उभा राह्यलो गं ब्रेकवर," ते म्हणाले. "अख्खा उभा राह्यलो. थांबंना. पोरं चढत व्हती, तुझ्याएवढीच."

"हो काका."

"तुझ्या त्या पस्तीसनं थांबली असती."

मला तेव्हा रडायला यायला हवं होतं, ते आलं नाही. मी म्हणाले, "काका, मला माहीत होतं. पाट्यानं काही होत नाही हे मला माहीत होतं. तरी मी आहेत म्हणाले."

ते माझ्याकडे वळायचा प्रयत्न करत होते, पण पायाला वजन बांधलेलं होतं, विटेएवढं, दोरीनं लोंबकळत. तेवढंसं वजन, पण त्यांना हलू देत नव्हतं.

"व्हतीच की चार," ते म्हणाले. "खोटं कुठं बोललीस? म्या बी बघितली असती तर चारच म्हणलो असतो. म्हणून तर मी घातली न्हाईत."

बाबा औषधं घेऊन आले आणि म्हणाले, "बरे व्हाल हो. पुन्हा गाडीवर बसाल." काका म्हणाले, "बसंन की. मागच्या सीटवर." बाबा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्यांचा पाय जुळला, पण वाकला नाही. पावसाळा संपल्यावर त्यांची शिरवळला दिलेली मुलगी आली आणि दोघांना तिकडे घेऊन गेली. सामान न्यायला जो टेम्पो आला होता, त्यात कपाट, गाद्या, भांडी चढली आणि शेवटी काका काठी टेकत आले. मी दारात उभी होते. मला वाटलं ते चाकाकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. मी बघत होते म्हणून बघितलं नसेल. काकूंनी आईला मिठी मारली. काका मला म्हणाले, "शीक चांगली, कॉलेज," आणि न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

तळघराच्या बारच्या मापानं कापलेला तो बांबू मागे राहिला. आई त्यानं कपड्यांची दोरी उचलून धरते.

शिरवळचा पत्ता माझ्याकडे आहे. दोनदा पत्र लिहायला बसले. 'प्रिय काका, सा. न.' इथवर लिहिलं.

गेल्या महिन्यात कॉलेजला जाताना चौकात चहाच्या टपरीसमोर पाण्याचा एक टेम्पो उभा दिसला. तसाच छोटा, वर दोन थर. मी लांबूनच मोजलं. सात, पाच, आणि वर पुन्हा तेवढेच. गाडी ताठ उभी होती. चालक चहा पीत होता, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून चाकाशी उकिडवी बसले आणि बोटं घातली.

"ओ ताई," त्यानं टपरीवरूनच विचारलं. "काही पडलं का तुमचं?"

"नाही."

"मग टायर आवडला का?"

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. पण या वेळी मी बोलले. "दादा, याच्यात पस्तीसच न्यायचे असतात. एक थर. जास्त नेले तर ब्रेक लागत नाही."

त्यानं कप ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग वाकून स्वतःच्या चाकाकडे बघितलं.

"गाडी तर मस्त उभी आहे," तो म्हणाला. "आणि बाकीचे पस्तीस कोण, तुम्ही आणणार का डोक्यावरून?"

त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली, जणू माझ्याकडे काही असेल तर त्याला ते हवं होतं. मग "चला, गेट बंद होतं" म्हणाला, चढला आणि गेला.

मी तिथेच बसले होते. रस्त्यावर चाक नव्हतं, पत्रा नव्हता, आणि माझी चार बोटं अजून एकमेकांना चिकटलेली होती, कडेनं काळी झालेली.